वजनकाटा आधी, दवाखाना मग

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चहाच्या मळ्यातल्या मजुरांवर चित्रपट निघाला की तीन प्रसंग त्यात हमखास येतात. धुक्यात गाणी म्हणत पानं खुडणाऱ्या बायका, मुकादमाच्या हातातली काठी, आणि साथ पसरल्यावर शहरातून आलेला तरुण डॉक्टर. डॉक्टर आला की कथेला नायक मिळतो, ताप खलनायक होतो आणि मळ्याचा हिशेब पडद्याबाहेर राहतो. अशा पटकथा आपल्या मुंबईत लिहिल्या जातात, त्यांची परीक्षणंही इथल्याच वर्तमानपत्रांत छापली जातात, म्हणून हे पत्र. कामगारांच्या आरोग्याशी रोजचा संबंध असलेल्या आम्हा वाचकांचं म्हणणं एवढंच आहे की मळ्यातलं आजारपण वजनकाट्यापाशी सुरू होतं. कॅमेरा आधी तिथे लावा.

काट्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आसामात दिवसाच्या मजुरीला 'हाजिरा' म्हणतात आणि ती पूर्ण मिळवण्यासाठी जेवढी पानं खुडायची त्याला 'ठीका'. हा ठीका बऱ्याच बागांत 24 किलो ओल्या पानांचा असतो. एक कळी आणि दोन कोवळी पानं मिळून एक खुडा होतो, त्याचं वजन फार तर एक ग्रॅम. म्हणजे 24 हजार खुडे झाले. आठ तासांची मिनिटं 480. मिनिटाला पन्नास वेळा बोटं मिटली पाहिजेत, आणि पाठीवरचं ओझं वाढत असताना हा वेग शेवटपर्यंत टिकला पाहिजे. कारखान्यात साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. एका बाईच्या ठीक्यातून पाच किलोंहून थोडा जास्त तयार चहा निघतो. कपाला दोन ग्रॅम पत्ती धरली तर तो अडीच हजारांवर कपांना पुरतो. ऑक्टोबर 2023 पासून ब्रह्मपुत्रा खोऱ्यात तिची दिवसाची मजुरी 250 रुपये आणि बराक खोऱ्यात 228 रुपये ठरली.

आता काट्यावर काय होतं ते बघा. पानं भिजलेली आहेत म्हणून काही किलो वजा होतात, झोळीचं वजन म्हणून आणखी काही. पावसात पानांवर पाणी असतंच, तेव्हा वजावटीला कारण आहे. पण ती किती करायची हे नमुना तपासून ठरवायचं की सरसकट कापायची, यावर मजूर आणि बाबू यांचा वाद कित्येक वर्षं चालू आहे. इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी आकड्याचं तोंड कोणाकडे आहे, हा प्रश्न उरतोच. दिग्दर्शकाला एकच दृश्य घ्यायचं असेल तर त्याने हे घ्यावं: आकडा बाबूला दिसतो, बाईला ऐकू येतो. तिचं पुढचं सगळं आजारपण त्या दोन-तीन किलोंत आहे, कारण ते भरून काढण्यासाठी ती दुपारची सुट्टी सोडते, पाणी कमी पिते आणि लघवी रोखून धरते. मळ्यात आडोसा नाही, शौचालय लांब. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग हा या कामाचाच आजार मानायला हवा. गरोदर बाईत त्याच्यामुळे दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते.

हंगामाचंही गणित आहे. जुलै ते सप्टेंबर झुडपांना फुटवे जोरात येतात. एका झुडपाची पाळी साधारण सात दिवसांनी परत येते. ती चुकली की फुटवा निबर होतो किंवा 'बांझी' होतो, म्हणजे कळीची वाढ थांबते, आणि चहाचा दर्जा उतरतो. म्हणून याच तीन महिन्यांत रजा सर्वांत अवघड असते. हिवताप, जुलाब, कावीळ यांचा जोरही याच महिन्यांत. डिसेंबर-जानेवारीत छाटणी होते, खुडणी थांबते, आणि तात्पुरत्या मजुरांना काम राहत नाही. त्यांना तिथे 'फालतू' म्हणतात. हा शब्द कागदोपत्री चालत आलेला आहे, शिवी म्हणून वापरलेला नाही, म्हणून तो जास्त लागतो. गिरणगावातल्या वाचकांना 'बदली' कामगार आठवेल, कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळणारा. तेच नातं आहे, फक्त इथे फाटकावर उभं राहण्याऐवजी लायनीतल्या, म्हणजे मजुरांच्या चाळीतल्या, खोलीत बसून राहायचं.

पडद्यावर मळ्यातला आजारी माणूस नेहमी तापाने फणफणलेला दिसतो. मळ्यातला सर्वांत मोठा आजार मात्र दिसतच नाही. तो आहे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आसामातल्या 15 ते 49 वयाच्या 65.9 टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. महाराष्ट्राचा आकडाही अभिमानाचा नाही, 54.2 टक्के. मळ्यात त्याची कारणं एकात एक गुंतलेली असतात. अनवाणी पाय, ओली माती आणि उघड्यावरचा शौच, यांतून अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. जेवणात भात किंवा रोटी, डाळ पातळ, भाजी थोडी. आणि त्याच घासाबरोबर मीठ घातलेला कोरा चहा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह बांधून ठेवतं आणि ते शरीराला मिळत नाही. देशाला चहा पाजणाऱ्या बाईच्या रक्तात लोह उतरत नाही, याला तिच्या ताटाशेजारचा चहासुद्धा कारणीभूत आहे.

गोळ्या मिळत नाहीत असं नाही. गरोदरपणी रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची एक गोळी, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. चौथ्या महिन्यापासून जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम एकदा. बिघडतं ते इथे: गोळी चहाबरोबर गिळली जाते. मग मळमळतं, शौच काळी होते, आणि हे होणारच, घाबरू नका, असं सांगायला कोणी नसतं. तीन दिवसांनी पाकीट फळीवर जातं. दवाखान्याच्या वहीत मात्र 'गोळ्या दिल्या' अशी नोंद असते. गोळी चहापासून किमान तासभर दूर ठेवा, लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्या, एवढं सांगणारी एक परिचारिका पटकथेत असली तर तो चित्रपट खऱ्या मळ्याच्या बराच जवळ जाईल.

मिठाच्या चहाबद्दल आणखी थोडं. घामातून गेलेलं मीठ भरून निघावं म्हणून कामाच्या जागी असा चहा देण्याची रीत पडली आणि ती घराघरांत रुजली. दिब्रुगढ येथील भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या केंद्राने केलेल्या पाहणीत मळ्यातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. अंगमेहनत करणारी, सडसडीत माणसं आणि हा रक्तदाब! त्यात तंबाखू आणि दारूची भर आहे. गरोदर बाईचा रक्तदाब फार वाढला की झटके येऊ शकतात. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी परिचारिकेने दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं असतं. ते न देता नुसतं गाडीत घालून पाठवलं तर वाटेत पुन्हा झटका येऊ शकतो.

बाळंतपणाचा प्रसंग लिहिणाऱ्यांनी घड्याळ समोर ठेवावं. पडद्यावर बाई किंचाळते, दाई पाणी उकळायला सांगते, पुढच्या दृश्यात पांढरी चादर. खरा मृत्यू फार शांतपणे येतो. मूल झाल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन स्नायूत द्यायचं, म्हणजे गर्भाशय आकसतं. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. बागेतली वीज रात्री गेली, फ्रिज तसाच राहिला, तर कुपी दिसायला तशीच असते पण तिचा जोर कमी झालेला असतो. हेच काम करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना (मात्रा 600 मायक्रोग्रॅम) फ्रिज लागत नाही, पण त्या कपाटात असायला हव्यात. अर्धा लिटर रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. हिमोग्लोबिन 11 असलेली बाई तेवढं सोसते. सहा असलेल्या बाईला ते झेपत नाही. तिला रक्त हवं, आणि रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी. बागेतला कच्चा रस्ता, गाडी मिळेपर्यंतचा वेळ, सोबत जाणाऱ्या नवऱ्याचाही बुडणारा हाजिरा, आणि रक्त देणारा कोणी नातेवाईक आहे का, हा शेवटचा प्रश्न. यांतली एक कडी तुटली तरी बाई जाते. रोग दुर्धर असण्याची गरजच पडत नाही.

2018-20 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे आसामात 195 माता दगावत होत्या. देशाची सरासरी 97, महाराष्ट्राची 33, केरळची 19. आसामचा आकडा सगळ्या राज्याचा आहे, नुसत्या मळ्यांचा नाही. चहा केरळातही पिकतो. फरक रस्त्याचा, परिचारिकेचा आणि मळ्याबाहेर सरकारी रुग्णालय उभं असण्याचा आहे. आसाम सरकारने 2018 मध्ये मळ्यातल्या गरोदर मजूर स्त्रियांना चार हप्त्यांत 12,000 रुपये देण्याची योजना आणली, ती याचसाठी: शेवटच्या महिन्यांत तिने ओझं उचलू नये आणि त्यापायी मजुरीही बुडू नये. चांगली योजना आहे. अशा गोष्टी चित्रपटात कधी येत नाहीत, कारण त्यांत एकही नायक नसतो.

केरळमधल्या मळ्यांचं सगळं आलबेल आहे असा मात्र याचा अर्थ नाही. मुन्नारजवळ पेट्टिमुडी इथे 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री दरड कोसळून मजुरांच्या 'लयम' म्हणजे चाळवजा खोल्या गाडल्या गेल्या आणि 70 जण गेले. वीज आणि फोन बंद असल्याने बातमी बाहेर पोचायला सकाळ उजाडली. घर मालकाच्या जागेत, तेही डोंगराच्या कुशीत, म्हणजे जागाही निवडता येत नाही. याच मुन्नारमध्ये सप्टेंबर 2015 मध्ये बोनस कापल्यावर हजारो स्त्रिया पुरुष-पुढाऱ्यांच्या संघटनांना बाजूला सारून रस्त्यावर बसल्या. 'पेंबिळै ओरुमै' म्हणजे बायकांची एकजूट. या बायकांना सोशिक, गप्प बसणाऱ्या दाखवणाऱ्यांनी त्या आंदोलनाची छायाचित्रं जरूर पाहावीत.

आता या सगळ्याचं मूळ, जे मुंबईकराला सर्वांत लवकर समजेल. मळ्यातला दवाखाना मालकाचा असतो. 1951 च्या मळे कामगार कायद्याने मोठ्या मळ्याच्या (1981 च्या दुरुस्तीनंतर पाच हेक्टर किंवा अधिक जमीन आणि पंधरा किंवा अधिक मजूर असलेल्या) मालकावर घर, पाणी, पाळणाघर, शाळा आणि औषधोपचार यांची जबाबदारी टाकली. त्या काळी जंगलात दुसरं कोण देणार होतं? पण त्यातून असं झालं की डॉक्टरचा पगार मालक देतो, आणि आजारी असल्याची चिठ्ठीही तोच डॉक्टर देतो. सकाळी हजेरीच्या वेळी ती चिठ्ठी नसेल तर दिवस गैरहजेरीत जातो. हंगामात पानं वाढलेली असताना चिठ्ठ्या जास्त झाल्या तर जाब डॉक्टरला द्यावा लागतो. चांगला डॉक्टरही या कात्रीत सापडतो. नायक-डॉक्टर दाखवायचाच असेल तर त्याचा खरा पेच हा आहे. तापाशी लढणं त्या मानाने सोपं.

गिरणगावात तसं नव्हतं. मालक कितीही कठोर असो, परळला केईएम 1926 पासून उभं होतं, शिवडीला क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं, पुढे कामगार विमा योजनेची रुग्णालयं आली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, केईएम बंद पडलं नाही. मळ्यात बाग बंद म्हणजे दवाखाना बंद, पाणी बंद, रेशन बंद. 2000 नंतरच्या काही वर्षांत उत्तर बंगालच्या डुआर्समधल्या बंद बागांत उपासमारीने माणसं मेली, ती अशी. शिवाय आज देशातला निम्म्याहून अधिक चहा लहान बागायतदारांकडून येतो. त्यांतल्या कित्येक बागा पाच हेक्टरांच्या आत, म्हणजे त्या कायद्याच्याच बाहेर राहिलेल्या. तिथल्या मजुराला मालकाचाही दवाखाना नाही.

जुन्या काळावरचा चित्रपट असेल तर औषधांच्या तारखा सांभाळाव्यात. 1930 च्या दशकातल्या मळ्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिसलं की जाणकार प्रेक्षकाचा विश्वास उडतो. तेव्हा हिवतापावर क्विनीन होतं. अतिकडू, कान गुणगुणायला लावणारं, म्हणून लोक ते थुंकून टाकत. अर्धवट, अनियमित क्विनीनशी काळ्या लघवीच्या तापाचा संबंध जोडला जाई, आणि डुआर्स त्यासाठी बदनाम होतं. काळा-आजारावर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला युरिया स्टिबामाइन शोधलं आणि आसामातले असंख्य जीव वाचले. पटकीवरचं (कॉलऱ्यावरचं) साखर-मिठाचं पाणी मात्र 1971 च्या निर्वासित छावण्यांनंतर रुजलं, त्याआधी शिरेतून सलाइन. हिवतापाचा तिथला डास, ॲनोफिलिस मिनिमस, गवताळ काठाच्या, स्वच्छ, संथ वाहत्या ओहोळात वाढतो. गटाराचं डबकं दाखवून भागणार नाही. उपाय म्हणून त्या ओहोळांवर दाट सावली धरणारी झाडं लावत. आणि संवादात 'टी मॉस्किटो' आला तर लेखकाने हे लक्षात ठेवावं की तो पानांचा रस शोषणारा ढेकणाच्या जातीचा कीटक आहे, माणसाला चावून ताप आणणारा नव्हे.

मजूर मळा सोडून का गेले नाहीत, असा प्रश्न प्रेक्षक विचारतात. त्याचं उत्तर कायद्यात आहे. पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार आसामच्या मळेवाल्यांना 1865 मध्ये मिळाला आणि तो 1908 पर्यंत टिकला. मे 1921 मध्ये चारगोळा खोऱ्यातले हजारो मजूर 'मुलुक चलो' म्हणत निघाले. आताच्या बांगलादेशातल्या चांदपूरच्या स्थानकावर त्यांच्यावर रात्री गुरखा सैनिक सोडले गेले, आणि घाटावर अडकून पडलेल्यांत पटकी पसरली. रोग आणि जुलूम एकाच जागी, एकाच आठवड्यात. लेखकाला कल्पनेने काही भर घालावी लागणार नाही.

चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. मुन्नारला चित्रण करून आसाम म्हणू नये. दक्षिणेत उतारावर सरळसोट सिल्व्हर ओक असतो, आसामात सपाट जमिनीवर पसरट माथ्याचे शिरीष आणि खोल चर. आसामात मुकादमाला सरदार म्हणतात, दक्षिणेत कंगाणी. भाषा आसामच्या मळ्यात सादरी, दार्जिलिंगला नेपाळी, मुन्नारला तमिळ. फवारणीचा माणूस पाठीवर 16 लिटरचा पंप घेतो. मुखवटा दिला तरी दमट उन्हात तो काढून ठेवतो, कारण श्वास कोंडतो, आणि पंप धुतो लायनीजवळच्या ओहोळातच.

दारूचंही एक. नवरा प्यायलेला, बायको मार खाणारी, एवढ्यावर पटकथा थांबते. भात आंबवून केलेली 'हाडिया' वेगळी आणि भट्टीवर गाळलेली 'सुलाई' वेगळी. फेब्रुवारी 2019 मध्ये गोलाघाट आणि जोरहाट जिल्ह्यांत विषारी दारूने दीडशेहून अधिक माणसं मेली, त्यांत मळ्यातल्या बायकाही बऱ्याच होत्या. मिथेनॉलचा घात उशिरा होतो. बारा-चोवीस तासांनी दिसायला धूसर होतं, तोवर माणूस झोपून उठलेला असतो, काही झालं असं त्याला वाटत नाही. गंभीर रुग्णाला डायलिसिस लागतं, तेही मोठ्या रुग्णालयात. थकवा बुडवायला मजुराच्या हाताशी काय आहे, हे दाखवल्याशिवाय व्यसनावर बोलू नये.

शेवटी आजचा प्रश्न, ज्यावर आपल्या वृत्तपत्राने लिहावं ही विनंती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1951 चा कायदा त्यांत विलीन झाला. आता मळेवाल्याला स्वतः दवाखाना चालवण्याऐवजी मजुरांना राज्य कामगार विम्यात घालण्याचा मार्ग आहे. डॉक्टर मालकाच्या पगारातून सुटतो, ही मोठी गोष्ट. पण प्रचलित नियमांत आजारपणाची रोख भरपाई, मजुरीच्या 70 टक्के, 91 दिवसांपर्यंत, मिळवायला सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात 78 दिवस भरावे लागतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरची भरपाई ठरते. 'फालतू' मजुराला ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर काम नसतं, त्याचे 78 दिवस भरणार कसे? म्हणजे भर पावसाळ्यात, जेव्हा ठीका सर्वांत जड आणि ताप सर्वांत जास्त, तेव्हाच त्याची भरपाई शून्य. वर्गणी वर्षभराच्या दिवसांवर मोजावी, आणि विम्याचं रुग्णालय किंवा करार केलेलं रुग्णालय बागेपासून तासाभराच्या अंतरात उभं राहिल्याशिवाय बागेचा दवाखाना बंद करू देऊ नये, एवढ्या दोन अटी आसाम, बंगाल, तमिळनाडू आणि केरळच्या नियमांत हव्यात.

आपले,
कामगार-आरोग्य क्षेत्रातले काही वाचक,
परळ, मुंबई